रोजच्या धबडग्यात ध्यान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून ध्यान करू पाहणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः श्वासावरच्या साध्या ध्यानाला धरून आहेत. ते कुठेही करता येतं, त्याला कसलं साधन लागत नाही आणि पुढे कोणतीही पद्धत धरली तरी हा सराव वाया जात नाही.

ध्यानाला बसणं आणि दिवसभर सजग राहणं, दोन्ही करायला हवं का?

हो, दोन्ही. बसणं म्हणजे ठरलेल्या वेळी एका जागी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवण्याचा सराव. सजगता म्हणजे तेच लक्ष जिना उतरताना, भात वाढताना, साहेबांचा फोन घेताना कामाला लावणं. जो नुसता बसतो त्याची शांतता आसनावरून उठताच संपते. जो बसत नाही आणि 'मी दिवसभर सजग राहीन' एवढंच ठरवतो, त्याला दुपारपर्यंत आपण असं काही ठरवलं होतं हेही आठवत नाही. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसात मध्येच फोनवर विचारलं, 'आत्ता तुमचं मन हातातल्या कामात आहे का?' जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. म्हणजे भरकटणं हा तुमच्या एकट्याचा दोष नाही, ती सगळ्यांच्याच मनाची रोजची चाल आहे.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

दहा मिनिटं पुरतात. मोबाइलवर दहा मिनिटांचा अलार्म लावा, आवाज हळू ठेवा आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब, पालथा ठेवा. तो मांडीवर असला तर तिसऱ्या मिनिटाला तुम्ही वेळ बघणार, हे नक्की.

पाठ ताठ ठेवून बसा, पण छाती पुढे काढू नका. हात मांडीवर सैल सोडा. दात आवळलेले असतील तर जबडा सैल करा, जीभ टाळूला हलकी टेकू द्या. डोळे मिटा. मिटले की अस्वस्थ वाटत असेल तर दोन-तीन हातांवर जमिनीकडे नजर खाली ठेवली तरी चालते.

पहिले दोन-तीन श्वास मुद्दाम खोल घ्या आणि मग श्वासाला त्याच्या चालीने जाऊ द्या. आता तो कुठे ठळक जाणवतो ते शोधा. कोणाला नाकपुडीच्या कडेला आत जाताना गार आणि बाहेर येताना कोमट स्पर्श कळतो, कोणाला वरच्या ओठावर, कोणाला पोट वर-खाली होताना. जागा एकदा निवडली की दहा मिनिटं तीच ठेवा. नाकावरून पोटावर आणि पोटावरून छातीवर उड्या मारत राहिलात तर लक्ष कुठेच टिकत नाही.

मग मोजा. प्रत्येक श्वास बाहेर पडताना एक आकडा, एक ते दहा, आणि पुन्हा एक. आकडा चुकला की एकपासून सुरू करा. मोजता मोजता सतरावर पोचलात तर समजा की मोजणी यंत्रासारखी चालू राहिली आणि तुम्ही दुसरीकडे होता. तेव्हाही शांतपणे एकवर या. दोन-तीन आठवड्यांनी मोजणी नकोशी वाटू लागली तर सोडून द्या. ती काठी आहे, चालता आलं की तिची गरज नाही.

अलार्म वाजला की लगेच उठू नका. डोळे उघडून अर्धा मिनिट बसून राहा आणि मग पुढच्या कामाला लागा.

मन एक मिनिटही थांबत नाही. मला ध्यान जमतच नाही का?

सगळ्यात जास्त लोक याच कारणाने ध्यान सोडतात, म्हणून जरा सविस्तर.

ध्यानात मन कोरं व्हायला हवं, ही समजूतच मुळात चुकीची आहे. डोकं जागं असेपर्यंत विचार येणारच. सरावाचे चार टप्पे आहेत: लक्ष श्वासावर ठेवलं, ते भरकटलं, भरकटल्याचं लक्षात आलं, परत आणलं. यातला तिसरा टप्पा सगळ्यात मोलाचा. 'अरे, मी तर सोसायटीच्या मीटिंगमधल्या भांडणात होतो' हे कळतं त्या क्षणी तुम्ही पूर्ण जागे असता. दहा मिनिटांत असं चाळीस वेळा झालं तर चाळीस वेळा सराव झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच सांगितलं आहे: चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं. 'जाऊच देऊ नये' असं तिथे म्हटलेलं नाही.

बिघडतं ते चौथ्या टप्प्यावर. मन भरकटलं म्हणून माणूस स्वतःवर चिडतो. ती चीड हा आणखी एक विचार असतो, आणि त्यात पुढची दोन मिनिटं जातात. त्यासाठी एक युक्ती: विचाराला मनातल्या मनात एका शब्दाचं नाव द्या. 'बेत', 'आठवण', 'काळजी', 'हिशोब'. नाव दिलं, सोडलं, श्वासावर आलं. विचार चांगला की वाईट, तो का आला, याचा तपास आसनावर करायचा नाही. खरंच महत्त्वाची गोष्ट आठवली, उदाहरणार्थ विजेचं बिल भरायची आजची शेवटची तारीख, तर शेजारी वही-पेन्सिल ठेवा, एक शब्द लिहा आणि परत बसा. एका बैठकीत दोनदाच लिहायची सूट घ्या, नाहीतर ध्यानाची यादी होते.

श्वासाकडे लक्ष दिलं की श्वासच अडखळतो. छातीवर दडपण येतं.

श्वास आपोआपही चालतो आणि आपल्याला हवा तसा चालवताही येतो. त्यामुळे त्याच्याकडे बघायला गेलं की नकळत त्याचा ताबा घेतला जातो. मोठा माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ताबा घेतलेला माणूस एक तर फार खोल घेतो, नाहीतर मध्ये रोखून धरतो. सतत गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. घाबरण्यासारखं काही नसतं, पण घाबरायला होतं.

उपाय असा: श्वास आत घेण्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त बाहेर पडणारा बघा. बाहेर पडून झाल्यावर पुढचा श्वास शरीर आपणहून घेईल, त्याची वाट बघा. तरीही दडपण जात नसेल तर श्वासाकडे बघणंच सोडून द्या आणि लक्ष तळहातांवर किंवा तळपायांवर ठेवा. दमा असलेल्यांनी आणि घाबरण्याचे झटके येणाऱ्यांनी तर हातापायांपासून किंवा आजूबाजूच्या आवाजांपासूनच सुरुवात करावी. त्यात कमीपणा काही नाही, ध्यान तेवढंच पक्कं होतं.

मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो. खुर्ची चालेल का?

बेलाशक. पुढे सरकून बसा, पाठ टेकू नका, दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा.

जमिनीवरच बसायचं असेल तर एक गोष्ट पाळा: बैठक गुडघ्यांपेक्षा उंच हवी. घडी घातलेली घोंगडी किंवा घट्ट उशी घेऊन तीन ते सहा इंच उंची करा आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. सपाट सतरंजीवर बसलं की कंबर मागे कलंडते, पाठीला बाक येतो आणि दहाव्या मिनिटाला दोन खांद्यांच्या मधे दुखू लागतं. बधिरपणा बहुतेक वेळा नस दाबली गेल्याने येतो. पायावर पाय चढवला तर हमखास येतो. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, दोन्ही जमिनीवर, असं ठेवा. मुंग्या आल्याच तर एकदा सावकाश पाय बदला, बदलताना होणारी हालचालही नीट बघा. उठायच्या आधी पाय लांब करून संवेदना परत येऊ द्या. बधिर पायावर उभं राहून लोक पडतात, विशेषतः साठीनंतर.

गुडघ्याच्या आत कळ आली तर ती सहन करू नका. ताणलं गेल्याचं दुखणं बघत बसता येतं, सांध्यातली तीक्ष्ण कळ बघत बसायची नसते.

बसलं की झोप येते.

आधी झोप पुरेशी होते का ते बघा. रात्री पाचच तास झोपणाऱ्याला पहाटे डुलकी लागणारच, आणि त्याला ध्यानापेक्षा झोपेची गरज आहे. झोप पुरी होऊनही डोळे मिटत असतील तर जेवणानंतर दोन तास बसू नका, डोळे अर्धे उघडे ठेवा, तोंडावर पाणी मारा, खोलीत दिवा लावा. तरीही जमलं नाही तर चालतं ध्यान करा: दहा-बारा पावलांची सरळ जागा, व्हरांडा किंवा गच्ची, पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं, एवढंच बघत जायचं आणि वळून परत यायचं.

अंथरुणावर पडून केलेलं ध्यान झोप आणण्यासाठी चांगलं आहे. जागेपणीच्या सरावाची जागा ते घेत नाही.

रोज किती वेळ? आणि कधी?

पहिला महिना रोज दहा मिनिटं. पुढच्या महिन्यात पंधरा, मग वीस. रविवारी एक तास बसून बाकीचे सहा दिवस काहीच न करण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी बरी. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात घरी रोज ४५ मिनिटांचा सराव असतो. विपश्यनेचं, म्हणजे शरीरातल्या संवेदना बघत जाण्याच्या ध्यानाचं, शिबिर केलेल्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. हे आकडे ऐकून कोणी सुरुवातच करू नये असं होऊ नये, म्हणून दहा मिनिटांचा आग्रह.

वेळ घड्याळावर बांधण्यापेक्षा रोज होणाऱ्या कामाला बांधा. 'सकाळी सहाला' पेक्षा 'आंघोळ झाली की, चहाच्या आधी' हे जास्त टिकतं, कारण आंघोळ चुकत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये नव्या सवयींवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यामुळे एकवीस दिवसांत आपोआप बसावंसं वाटलं नाही म्हणून खचू नका.

घर दोन खोल्यांचं. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या. शांत जागा कुठून आणू?

शांत जागेची वाट बघू नका. आवाज दोन प्रकारचे असतात. कुकर, पंखा, वाहनं, शेजारचा टीव्ही हे आवाज कोणाला उद्देशून नसतात. त्यांनाच ध्यानाचा विषय करता येतो: आवाज सुरू झाला, वाढला, थांबला. त्याचा अर्थ लावायचा नाही. दुसरा प्रकार म्हणजे तुम्हाला मारलेली हाक. ती सहन करायची नसते, आधीच मिटवायची असते. घरात एकदा नीट सांगा, 'मी पंधरा मिनिटं बसतेय, आग लागली तरच हाक मारा.' भिंतीकडे तोंड करून बसा, जागा रोज तीच ठेवा. काही दिवसांत घरातली लहान मुलंही त्या कोपऱ्याचा मान ठेवायला लागतात.

इअरफोन लावून संगीत ऐकत बसणं सुखद असतं, पण लक्ष संगीतामागे जातं आणि ते बंद होताच शांतता जाते. मोबाइलमधलं बोलून मार्गदर्शन करणारं अ‍ॅप पहिले दोन-तीन आठवडे उपयोगी पडतं. नंतर आठवड्यातले निम्मे दिवस त्याच्याशिवाय बसा.

लोकलमध्ये करता येईल का?

येईल, जरा बेतानं. बसायला मिळालं असेल तर पूर्ण प्रवासाचा संकल्प करू नका, स्टेशनं वाटून घ्या. स्लो लोकलने दादरहून वांद्र्याला जाताना तीन टप्पे पडतात: माटुंगा रोड, माहीम, वांद्रे. पहिल्या टप्प्यात फक्त शरीर: कुठे टेकलंय, कुठे आवळलंय. दुसऱ्यात श्वास. तिसऱ्यात डब्यातले आवाज. गाडी थांबली की डोळे उघडायचे, सामान बघायचं, मग पुढचा टप्पा.

उभे असाल तर डोळे उघडेच ठेवा आणि लक्ष तळपायांवर आणि कडी धरलेल्या मुठीवर ठेवा. गर्दीत श्वासावर लक्ष दिलं तर कोंडल्यासारखं होतं. पायांवर दिलं तर तोलही सांभाळला जातो. दारात उभं राहून हे मुळीच करू नका. स्कूटर किंवा गाडी चालवतानाही श्वासाचं ध्यान करायचं नाही, तिथे सजगता म्हणजे रस्ता, आरसे आणि हातातलं हँडल. सिग्नल लाल असताना तीन श्वास, एवढंच.

स्वयंपाक करताना, जेवताना सजग राहायचं म्हणजे नक्की काय?

सगळा स्वयंपाक सजगपणे करू म्हणाल तर पहिल्या फोडणीतच विसराल. एक छोटं काम निवडा. पोळ्या करायच्या असतील तर पहिल्या तीन पोळ्या. लाटण्यावर दोन्ही हातांचा दाब सारखा आहे का, कड जाड राहतेय का, तव्यावर पहिला फुगा कुठे येतो, वाफेचा वास कधी बदलतो. चौथ्या पोळीपासून खुशाल गप्पा मारा. भांडी घासत असाल तर पहिली पाच भांडी: पाण्याचा गारवा, घासणीचा खरखरीतपणा, राख किंवा साबण निघून गेल्यावर बोटाला लागणारा वेगळा स्पर्श. आठवडाभर तेच काम ठेवा, मग बदला.

जेवताना पहिले पाच घास मोबाइल-टीव्हीशिवाय घ्या. घास गिळून होईपर्यंत पुढचा घास कालवू नका. बहुतेकांचा हात तोंडातला घास संपायच्या आत पुढच्याच्या तयारीला लागलेला असतो. पाचच घास असं केलं तरी मीठ कमी आहे की भूक संपली आहे, हे वेळेवर कळू लागतं.

आम्ही रोज हरिपाठ म्हणतो, जप करतो. ते ध्यानच ना?

होऊ शकतं, आणि ज्यांच्याकडे ही परंपरा आहे त्यांनी ती सोडून दुसरं काही शोधायची गरज नाही. १०८ मण्यांची माळ ओढताना नाम ओठांवर आणि मन बाजारात असेल तर ती पाठांतराची सवय झाली. एकेका मण्याबरोबर नाम ऐकू येतंय, मणी बोटाला लागतोय, भरकटल्याचं कळतंय आणि परत येणं होतंय, तर वर सांगितलेले चारही टप्पे त्यात आहेत. संख्या पुरी करण्याची घाई हा जपातला मोठा अडथळा. घाई जाणवली तर अर्धीच माळ करा, पण ऐकत करा.

राग आला की सगळा सराव वाहून जातो. तेव्हा काय करू?

राग शब्दांत उतरायच्या आधी शरीरात येतो: कान गरम, जबडा घट्ट, मूठ आवळलेली, आवाज चढलेला. तुमची पहिली खूण कोणती ते शोधून ठेवा, प्रत्येकाची वेगळी असते. ती दिसली की तळपाय जमिनीवर दाबा आणि सावकाश, लांब श्वास सोडा. असं तीनदा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून भर सोडण्यावर. मनात म्हणा, 'राग आलाय.' 'तो असाच आहे' हे वाक्य सुरू झालं तर ओळखा की गाडी पुढे गेली. बोलायचंच असेल तर 'दहा मिनिटांनी बोलते' एवढंच बोला, आणि दहा मिनिटांनी खरंच बोला. फॅमिली ग्रुपवर उत्तर लिहिलंच असेल तर पाठवायच्या आधी फोन टेबलावर ठेवून पाणी प्या.

सजग राहायचं म्हणून अन्याय गिळायचा नसतो. शांत डोक्याने 'हे मला मान्य नाही' म्हणणं जास्त परिणामकारक असतं आणि त्याचा पश्चात्तापही होत नाही.

इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जावं का?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. ब्रह्मदेशात जन्मलेले आणि तिथेच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये भारतात येऊन ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. शुल्क नसतं. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, अकराला शेवटचं पूर्ण जेवण, नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं, मोबाइल जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. सुरुवातीचे दिवस आनापान म्हणजे नैसर्गिक श्वास बघणं, चौथ्या दिवशी विपश्यना.

जाणार असाल तर रजा बारा दिवसांची काढा: आदल्या दिवशी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. आधी महिनाभर घरी रोज निदान अर्धा तास बसायची सवय करा. तिसरा-चौथा दिवस बहुतेकांना जड जातो, पाठ दुखते आणि पळून जावंसं वाटतं. शिबिर हा चांगला आरंभ आहे, पण घरी आल्यावर रोजची बैठक टिकली नाही तर त्याचा ठसा पुसट होत जातो.

मुलांना शिकवायचं तर?

आठ-नऊ वर्षांपासून पाच मिनिटं. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये 'मित्र उपक्रमा'त मुलं आनापान करतात, त्यामुळे तुमच्या मुलाला ते कदाचित येतही असेल. विचारून बघा आणि त्यालाच तुम्हाला शिकवू द्या. मस्ती केली म्हणून ध्यानाला बसवू नका. शिक्षा म्हणून बसलेलं मूल पुढे ध्यानाचं नाव काढू देत नाही.

कोणी सांभाळून करावं?

भ्रम-भास होण्याचा आजार, उन्माद-नैराश्याचे चढउतार, तीव्र नैराश्य, नुकताच झालेला अपघात, अत्याचार किंवा जवळच्याचा मृत्यू यांतून जाणाऱ्यांनी लांब मौनाच्या शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत, कोणी कितीही सांगितलं तरी. बसल्यावर जुन्या आठवणी अंगावर येत असतील, आपण आपल्या शरीरात नाही असं वाटत असेल किंवा सलग काही रात्री झोप उडाली असेल तर बैठक थांबवा. डोळे उघडे ठेवा, चाला, गार पाण्यात हात धरा, कोणाशी तरी बोला. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

पंधरा दिवस सुटलं. पुन्हा कसं सुरू करू?

बुडालेली बाकी भरून काढायला जाऊ नका. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तिसऱ्या दिवसापासून दहा. वर सांगितलेल्या सवयींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम झाला नव्हता, पण पंधरा दिवस चुकतात तेव्हा बहुधा ज्या कामाला ध्यान बांधलं होतं तेच बदललेलं असतं: कामाची पाळी बदलली, मुलांच्या परीक्षा आल्या, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं. मग नवं काम शोधा. सकाळचा चहा हातचा गेला असेल तर ऑफिसात पोचून संगणक सुरू करायच्या आधीची पाच मिनिटं घ्या. आणि अशा दिवसांसाठी एक किमान पाठ ठरवून ठेवा: जाग आल्यावर, अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आधी, दहा श्वास मोजायचे. पाहुणे कितीही असले तरी तेवढं होतं.